बोलताना उतरणारा मास्क: एका कॉल सेंटरमधल्या मास्क-सक्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका ग्राहकसेवा कॉल सेंटरचं आहे. काळ जून २०२० ते एप्रिल २०२२. संस्था ओळखू येऊ नये म्हणून नाव, ठिकाण आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि का झाले, तो भाग तसाच ठेवला आहे.

कोविडची साथ सुरू झाल्यावर इथल्या बहुतेकांना घरून काम करायला मिळालं. पैशांच्या व्यवहारांचे कॉल घेणाऱ्यांना मात्र ते मिळालं नाही, कारण हे कॉल फक्त कार्यालयातल्या बंदिस्त नेटवर्कवरूनच घ्यायचे, अशी करारातली अट होती. त्यामुळे ९६ खुर्च्यांच्या फ्लोअरवर दर शिफ्टला ६० जण येत राहिले. फ्लोअर २२ मीटर लांब, १४ मीटर रुंद, छत २.८ मीटर उंचीवर. म्हणजे साधारण ८६० घनमीटर हवा. खिडक्या न उघडणाऱ्या. वातानुकूलन छतातून, आणि तीच हवा थंड होऊन पुन्हा फ्लोअरवर येणारी. बाहेरची हवा आत घेणारा डॅम्पर वीज वाचवण्यासाठी आधीच जवळजवळ बंद करून ठेवला होता. देखभालीच्या कंत्राटदाराशिवाय हे कोणाला ठाऊक नव्हतं.

कॉल सेंटर ही जागा मुळातच अवघड. इथे माणसं आठ तास बसून सतत बोलतात. बोलताना तोंडातून सूक्ष्म थेंब आणि कण बाहेर पडतात, आणि आवाज चढला की त्यांची संख्याही वाढते. मार्च २०२० मध्ये सोलमधल्या एका कॉल सेंटरचं उदाहरण व्यवस्थापनासमोर होतं. तिथे अकराव्या मजल्यावरच्या २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना लागण झाली, त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. बाकी इमारतीत लिफ्ट आणि लॉबी सामाईक असूनही चाचणीत फक्त तीन बाधित सापडले. लिफ्टमधल्या ओझरत्या भेटीपेक्षा एकाच हवेत तासन्तास बसणं जास्त धोक्याचं, हे त्यातून दिसत होतं. तरीही या केंद्राचा पहिल्या तीन महिन्यांतला बहुतेक खर्च टेबलं आणि हेडसेट पुसण्यावर झाला.

वाद कशाचा होता

जून २०२० मध्ये मास्कची सक्ती करायची ठरली तेव्हा फ्लोअरवर उघड दोन गट पडले. एकाला सक्ती हवी होती. दुसऱ्याचं म्हणणं होतं, ज्याला हवा त्याने लावावा. फेब्रुवारीत ‘निरोगी माणसाला मास्कची गरज नाही’ असं सांगणारेच जूनमध्ये ‘लावा’ म्हणतात, मग विश्वास कशावर ठेवायचा?

हा प्रश्न रास्त होता आणि त्याला सरळ उत्तरही होतं. वर्षाच्या सुरुवातीला आरोग्य कर्मचाऱ्यांनाच मास्क पुरत नव्हते. शिवाय लक्षणं दिसण्याआधीच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो, हे तेव्हा पुरेसं स्पष्ट झालेलं नव्हतं. ते स्पष्ट होत गेलं तसं ३ एप्रिलला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सर्वसामान्यांना कापडी मास्क सुचवला, आणि ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही, जिथे अंतर राखता येत नाही तिथे कापडी मास्क वापरावा, अशी भूमिका घेतली. त्यामागचा मुख्य हेतू होता, लावणाऱ्याच्या तोंडातून निघणारं स्रोतापाशीच अडवणं. लावणाऱ्याचा स्वतःचा बचाव हा त्यातला दुय्यम भाग. सल्ला का बदलला, हे चार ओळींत सांगता आलं असतं. व्यवस्थापनाने नुसती नोटीस लावली.

तिसरा गट फारसा बोलत नव्हता, पण वजनदार होता. कामगिरीचे आकडे सांभाळणाऱ्या या मंडळींना मास्क मान्य होता; फक्त कॉल चालू असताना नको होता. ही भूमिका कोणी कागदावर आणली नाही, म्हणून तिच्यावर चर्चाही झाली नाही.

पहिला नियम

नोटिशीत पाच ओळी होत्या. आत येताना मास्क बंधनकारक. प्रत्येकाला संस्थेकडून दोन कापडी मास्क. श्वासाचा त्रास असेल तर त्याऐवजी फेस शील्ड चालेल. स्वतःचा मास्क आणला तरी चालेल. तिसऱ्यांदा विनामास्क सापडल्यास प्रोत्साहन भत्ता कापला जाईल.

पुरवलेले मास्क लोगो छापलेले, एकपदरी, ताणल्या जाणाऱ्या कापडाचे होते. दिव्यासमोर धरले की प्रकाश आरपार दिसायचा. त्याच महिन्यातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तीन थर सांगितले होते: आत पाणी शोषणारं सुती कापड, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पाणी न शोषणारं पॉलिएस्टरसारखं कापड. त्यातला एकही निकष खरेदीच्या मागणीपत्रात नव्हता. रंग आणि लोगोचा आकार मात्र होता.

नियम कुठे फुटला

सुरक्षारक्षकाच्या दारावरच्या वहीत मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण जवळपास शंभर टक्के दिसत होतं. सप्टेंबरमध्ये सुरक्षा समितीने वेगळ्या पद्धतीने मोजणी केली. फ्लोअरवर फेरी मारायची, फक्त कॉलवर बोलत असलेल्यांकडे पाहायचं, नाक आणि तोंड दोन्ही झाकलेलं असेल तरच होकार, नावं नोंदवायची नाहीत. आकडा निम्म्याच्याही खाली आला. गप्प बसलेल्यांच्या तोंडावर मास्क होता आणि बोलणाऱ्यांच्या हनुवटीवर.

याला बेशिस्त म्हणणं सोपं होतं आणि टीम लीडरांनी तसं म्हटलंही. पण प्रत्येक कॉल किती वेळात संपला यावर भत्ता ठरत होता. मास्कमुळे आवाजातल्या वरच्या पट्टीच्या लहरी दबतात. साधारण २,००० ते ७,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्जिकल मास्क तीन-चार डेसिबल खातो, एन९५ हा जास्त घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क बारा डेसिबलपर्यंत. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी याच पट्ट्यावरून. खाते क्रमांक किंवा नावाची अक्षरं दोन-दोनदा सांगावी लागली की कॉल लांबतो आणि भत्ता घटतो. एका नियमाने मास्क लावायला सांगितलं आणि दुसऱ्याने तो काढण्याचे पैसे दिले.

बाकीची कारणं बारीक होती, पण रोजची. हेडसेटची गादी कानामागच्या इलॅस्टिकवर दाबली जाऊन तासाभरात कान दुखायचा. नाकावर तार नसल्याने वाफ वर जाऊन चष्म्यावर धुकं धरायचं. (चष्म्यावर धुकं याचा अर्थच वरून गळती आहे, मास्क बसलाय की नाही याची ही फुकटातली चाचणी.) घसा कोरडा पडतो म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर बाटली, आणि दर काही मिनिटांनी घोटभर पाणी. एकदा खाली ओढलेला मास्क पुढचे दोन कॉल खालीच राहायचा.

शिवाय फेस शील्डची सवलत. शील्ड समोरून येणारे मोठे थेंब अडवते. हवेत तरंगणारे बारीक कण तिच्या कडेने निघून जातात आणि आतही येतात. ती मास्कसोबत चालते, मास्कऐवजी चालत नाही. काही जण झडपेचे मास्क आणत. झडपेतून उच्छ्वास बऱ्याच अंशी न गाळता बाहेर जातो. इतरांना वाचवायचं असेल तर अशा मास्कचा उपयोग कमी होतो.

ऑक्टोबर २०२०

दहा दिवसांत ११ जण बाधित निघाले. समितीने बसण्याच्या नकाशावर नावं मांडली: सात जण फ्लोअरच्या पश्चिमेकडच्या एकतृतीयांश भागात, आणि त्यांतले पाच रोज एकाच वेळी पँट्रीत जेवायला बसणारे. पँट्री लहान, सहा टेबलांची; तिथे मास्क साहजिकच उतरलेले आणि गप्पा जोरात.

संसर्ग फ्लोअरवर झाला, पँट्रीत झाला की बाहेरून आला, हे अशा नकाशावरून सिद्ध होत नाही. समितीने अहवालात तसं स्पष्ट लिहिलं आणि ते योग्यच होतं. पण दोन जागा तपासायला हव्यात, एवढं नकाशाने सांगितलं. कार्बन डायऑक्साइडचा मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, कोणाच्याही तोंडापासून दीड-दोन मीटर लांब आणि एसीच्या झोताबाहेर ठेवला. शिफ्टच्या उत्तरार्धात फ्लोअरवर आकडा १,६०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) स्थिरावला. बाहेरच्या हवेत तो ४२०च्या आसपास असतो.

या आकड्यावरून हिशेब करता येतो. बसून काम करणारा माणूस सेकंदाला साधारण ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला आतल्या-बाहेरच्या फरकाने, म्हणजे १,१८० पीपीएमने भागलं की माणशी सेकंदाला सुमारे ४.२ लिटर ताजी हवा मिळते. साठ माणसांना धरून तासाला सुमारे ९०० घनमीटर. म्हणजे खोलीतली हवा तासात जेमतेम एकदा बदलत होती. या वेगाने हवेतले ९९ टक्के कण निघून जायला जवळजवळ साडेचार तास लागतात. सकाळी नऊला बाधित माणसाने सोडलेलं दुपारपर्यंत पुरायचं. डॅम्परची गोष्ट उघड झाली ती इथे.

कोणते पर्याय तोलले

नोव्हेंबरच्या बैठकीत पाच पर्याय आले.

मास्क ऐच्छिक करायचा आणि भर हवेवर द्यायचा. बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दा: नियम पाळला जात नाही, मग तो ठेवून काय उपयोग? यावर आक्षेप असा की हवा सुधारली तरी एक-दीड मीटरवर बसलेल्या शेजाऱ्याच्या तोंडातून थेट येणाऱ्या झोतावर वायुवीजनाचा फार परिणाम होत नाही. समोरासमोर बोलण्याचा धोका मास्कच कमी करतो.

सक्ती तीच, दंड मोठा. हा पर्याय पहिल्या अर्ध्या तासातच गळला. दंडाने मोजणी सुधारते, तीही दंड करणारा दिसेपर्यंत.

सर्वांना एन९५ किंवा त्याच्याच जातीचा, युरोपीय मानकाचा एफएफपी२. पहिल्याची गाळणी कमीत कमी ९५ टक्के, दुसऱ्याची ९४ टक्के, तीही अडवायला सर्वांत कठीण अशा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर. पण हा आकडा गाळणीच्या कापडाचा आहे. चेहऱ्यावर फट राहिली की तो कागदावरच राहतो. दाढी असेल तर कडा बसतच नाही. शिवाय काही देशांत मालकाने असा मास्क सक्तीचा केला की प्रत्येकाची फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर फट न राहता बसतो का याची चाचणी, करणंही त्याच्यावर बंधनकारक असतं. आणि आवाजाचा प्रश्न इथे सर्वांत मोठा होता.

सर्जिकल मास्क सक्तीचा, पण सोबत हेडसेट, भत्ता, जेवणाच्या वेळा आणि हवा हे चारही बदलायचे.

फ्लोअर बंद करून करारातली घरून काम न करण्याची अट बदलून घ्यायची. धोक्याच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत चांगला होता, आणि त्यावर सर्वांत कमी वेळ चर्चा झाली. ‘ग्राहक मानणार नाही’ या एका वाक्यावर तो सोडून दिला. (ग्राहक म्हणजे इथे जिच्यासाठी हे कॉल घेतले जात होते, ती करार करणारी कंपनी.) ग्राहकाला विचारलं गेलं ते पुढे तीन महिन्यांनी.

चौथा पर्याय निवडला.

काय केलं

पहिला बदल भत्त्यात झाला आणि आमच्या मते सगळ्यात परिणामकारक तोच ठरला. कॉलच्या वेळेचं उद्दिष्ट शिथिल केलं आणि ‘पुन्हा सांगा’ अशी विनंती आलेले कॉल गुणांकनातून वगळले. दुसऱ्याच आठवड्याच्या मोजणीत बोलताना मास्क नाकावर असलेल्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलं. त्या वेळेपर्यंत नवे मास्क आलेलेही नव्हते.

मग आवाज. माइकची दांडी मास्कच्या बाहेर, तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, त्यावर फोमची टोपी. माइक मास्कच्या आत घालायचा प्रयोग काहींनी केला होता. त्याने कडेला फट पडते आणि श्वासाचा खरखराट ऐकू येतो. आवाजाच्या प्रणालीत २,००० हर्ट्झच्या वरचा भाग थोडा उचलून दिला. कर्मचाऱ्यांना सांगितलं ते असं: जोरात बोलू नका, सावकाश बोला, आकडे दोन-दोनच्या गटात सांगा. आवाज चढवला तर कणही वाढतात, म्हणजे मास्कने कमावलेलं काही अंशी परत जातं.

मास्क तीन थरांचे सर्जिकल, वाकवता येणारी नाकपट्टी असलेले. शिफ्टला दोन, दुसरा जेवणानंतर. ओलसर झालेल्या मास्कमधून श्वास घ्यायला जोर लागतो, आणि मग माणूस तो खाली ओढतो. कानाऐवजी डोक्यामागे अडकवायची पट्टी दिल्यावर हेडसेटची कुरबूर जवळपास थांबली. नाकपट्टी दोन बोटांनी मधून बाहेर दाबत बसवायची. एका हाताच्या चिमटीत धरली की मध्ये टोकदार घडी पडते आणि तिथूनच हवा गळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सीडीसीने पुतळ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सर्जिकल मास्कच्या दोऱ्यांना कडेपाशी गाठ मारून बाजूची घडी आत दुमडली, किंवा त्यावर कापडी मास्क चढवला, आणि समोरासमोरच्या दोन्ही पुतळ्यांना तसे मास्क लावले, तर पोचणारे कण ९५ टक्क्यांहून अधिक घटले. प्रयोगशाळेतला आकडा फ्लोअरवर तसाच मिळत नाही. पण गाठीची युक्ती लगेच शिकवली गेली, कारण तिला काही खर्चच नव्हता.

हवेसाठी डॅम्पर उघडला, पंख्याचा वेग वाढवला. मीटर ८५० पीपीएमवर आला. वरच्याच हिशेबाने माणशी सेकंदाला साडेअकरा लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ तीन वेळा हवाबदल. त्यात तासाला प्रत्येकी ४०० घनमीटर हवा गाळणारी सहा हेपा यंत्रं (हवेतले बारीक कण दाट गाळणीत पकडणारी) मिळवली की आणखी २.८, एकूण साडेपाचच्या पुढे. आता ९९ टक्के कण निघायला सुमारे पन्नास मिनिटं. एक अडचण आली: पूर्ण वेगावर यंत्रांचा आवाज इतका होता की लोक आपोआप जोरात बोलू लागले. म्हणून ती मधल्या वेगावर ठेवली. वर दिलेला ४००चा आकडा त्याच वेगाचा आहे. हेपाने कण कमी होतात, कार्बन डायऑक्साइड होत नाही. त्यामुळे मीटरवर यंत्रांचा फायदा दिसत नाही. हे न सांगितल्यामुळे ‘यंत्रं बंद असली तरी आकडा तोच आहे’ म्हणून एका शिफ्टने ती आठवडाभर बंद ठेवली होती.

पँट्रीत एका वेळी दहा जण, एकाच दिशेला तोंड करून, चार पाळ्यांत. टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या हलवून फ्लोअरच्या कडेला, खोलीबाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याजवळ पाण्याची जागा केली. हा बदल सर्वांत नावडता ठरला. दोन महिन्यांनी तडजोड झाली: बाटली टेबलावर, पण कॉल संपवून, ‘उपलब्ध नाही’चं बटण दाबून प्यायचं, आणि तो वेळ कामाच्या वेळेतच धरायचा.

अपवाद

तीन प्रकारचे अर्ज आले. दम्याच्या रुग्णांपैकी बहुतेकांना सर्जिकल मास्क चालला. डॉक्टरांशी बोलून त्यांना दर तासाला मोकळ्या हवेत पाच मिनिटं दिली. मास्कने कोंडल्यासारखं होऊन घाबरायला होणाऱ्या दोघांना वेगळ्या खोलीत चॅट आणि ईमेलचं काम दिलं, त्याच पगारावर. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे होते. ते नसते तर अपवाद मागणं ही शिक्षा झाली असती. बॅक ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला कमी ऐकू यायचं आणि सुपरवायझरच्या ओठांवरून समजून घ्यायची सवय होती. तिथे पारदर्शक खिडकीचा मास्क आणला. त्या प्लास्टिकवर धुकं धरतं आणि साध्या मास्कपेक्षा आवाजही जास्त दबतो, म्हणून सूचना लिहून देण्याची सवय सोबत लावली. ती सगळ्यांनाच उपयोगी पडली.

‘मास्कमुळे शरीरातला ऑक्सिजन कमी होतो’ हा आक्षेप वारंवार आला. वायूंचे रेणू गाळणीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतात. निरोगी माणसाच्या रक्तातल्या ऑक्सिजनवर सर्जिकल मास्कने लक्षणीय फरक पडत नाही. पण उकाडा, दमटपणा, डोकं जड होणं खरं असतं. सुरुवातीला समितीने पहिलं सांगून दुसरं झटकून टाकलं आणि त्यामुळे पहिल्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही.

डेन्मार्कची चाचणी आणि वादाची दुसरी फेरी

१८ नोव्हेंबर २०२० रोजी डेन्मार्कमधल्या सुमारे सहा हजार जणांवरच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मास्कची शिफारस केलेल्या गटात १.८ टक्क्यांना लागण झाली, दुसऱ्या गटात २.१ टक्क्यांना. दोन दिवसांत फ्लोअरवरच्या प्रत्येक फोनवर हे पोचलं: मास्क निरुपयोगी ठरला!

समितीने या वेळी नोटीस न लावता शिफ्टच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं घेतली. चाचणीने मोजलं होतं ते लावणाऱ्याचं संरक्षण, आणि तेही आजूबाजूचे बहुतेक लोक विनामास्क असताना. लावणाऱ्यामुळे इतर किती वाचले, हे तिने मोजलंच नव्हतं. सांगितल्याप्रमाणे पूर्णपणे मास्क वापरणारे निम्म्याहूनही कमी होते. आणि मिळालेला फरक इतका अनिश्चित होता की त्यात ४६ टक्के घट ते २३ टक्के वाढ, काहीही बसत होतं. ‘काम करत नाही’ आणि ‘काम करतो की नाही हे या चाचणीतून ठरलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ऐच्छिक गटातल्या एकाने विचारलं, मग तुमच्या बाजूने तरी पक्का पुरावा आहे का? तेव्हाचं प्रामाणिक उत्तर होतं: प्रयोगशाळेतला भक्कम आहे, समाजातल्या चाचण्यांचा अजून कच्चा आहे, आणि दरम्यान निर्णय घ्यावाच लागतो. या उत्तराने विरोध संपला नाही, पण खवचट शेरे कमी झाले.

पुढच्या वर्षी बांगलादेशातल्या ६०० गावांमधली मोठी चाचणी आली. मास्कचा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला तेव्हा लक्षणांसह सिद्ध झालेली लागण साधारण नऊ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला, कापडीचा तितका नाही. फायदा खरा, पण माफक. बोलणाऱ्याच्या नाकावर मास्क नसेल तर तो किती उरेल, याचा अंदाज या केंद्राला आधीच आला होता.

ओमायक्रॉन

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस कोविडच्या विषाणूचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार जाहीर झाला. तोवर जवळजवळ सगळ्यांचं लसीकरण झालं होतं. जानेवारी २०२२ मध्ये समितीने एन९५ ऐच्छिक ठेवून फुकट वाटले, डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचे. लावल्यावर दोन्ही हात कडेवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. नाकाशी किंवा गालाशी वारा लागला तर पुन्हा बसवायचा. पाच दिवसांसाठी पाच मास्क, प्रत्येक कागदी पिशवीत वार लिहून, आळीपाळीने. साबणाने धुवायचे नाहीत की स्पिरिट मारायचं नाही, कारण कण पकडणारा स्थिर विद्युतभार त्याने जातो. साधारण एकतृतीयांश लोकांनी ते घेतले. सुधारलेल्या माइकमुळे कॉल चालले, पण चार तासांनंतर आवाज बसण्याच्या तक्रारी आल्या आणि शिफ्टमध्ये दहा मिनिटांची दोन जादा विश्रांती द्यावी लागली.

तरीही त्या महिन्यात फ्लोअरवरचे बरेच जण आजारी पडले. बहुतेकांच्या घरात आधी कोणीतरी बाधित होतं.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात तुरळक रुग्ण आले, पण ऑक्टोबरसारखा एकत्र गठ्ठा पुन्हा दिसला नाही. याचं श्रेय मास्कला किती, हवेला किती, पँट्रीच्या पाळ्यांना किती आणि लसीला किती, हे वेगळं करता येत नाही. सगळं जवळपास एकाच वेळी बदललं होतं. व्यवस्थापनाच्या वार्षिक अहवालात मात्र सगळं श्रेय ‘कडक मास्क धोरणा’ला दिलं गेलं. समितीने त्यावर लेखी हरकत घेतली.

सगळ्यात वाईट भाग सक्ती उठवण्याचा होता. नियम कधी संपणार, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मार्च २०२२ मध्ये बाहेर निर्बंध उठत गेले, इथे सक्ती चालूच राहिली, आणि रोज कोणीतरी टीम लीडरशी हुज्जत घालू लागलं. एप्रिलमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आला: सोमवारपासून ऐच्छिक. घरात वृद्ध किंवा कर्करोगाचे रुग्ण असलेल्या काही जणांना तयारीला दोन दिवसही मिळाले नाहीत. सोमवारी मास्क लावून आलेल्यांची थट्टा झाली.

वेगळं काय करता आलं असतं

हवा आधी मोजायची. मीटर जूनमध्येच ठेवला असता तर डॅम्पर चार महिने आधी सापडला असता. मास्क सक्तीचा असावा की ऐच्छिक, यावर चार बैठका झाल्या. त्यातल्या एकीतही ‘या खोलीत ताजी हवा किती येते’ हा प्रश्न निघाला नाही.

नियम लागू करण्याआधी त्याच्याविरुद्ध काम करणारे नियम शोधायचे. इथे भत्ता होता. दुसरीकडे उत्पादनाचं लक्ष्य असेल, किंवा मास्क बदलायला स्टोअरपर्यंत जायचा वेळ पगारातून कापला जात असेल.

मोजणी दारावर करायची नाही. धोका जिथे आणि ज्या क्षणी असतो तिथे, नावाशिवाय, आठवड्यातून दोन वेगवेगळ्या वेळी करायची, आणि आकडा फलकावर लावायचा.

ग्राहकाला पहिल्याच महिन्यात विचारायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये विचारलं तेव्हा त्याने साठपैकी वीस जणांना सुरक्षित जोडणीवर घरून काम करायला तीन आठवड्यांत परवानगी दिली.

आणि नियमातच त्याचा शेवट लिहायचा. एप्रिल २०२२ नंतर समितीने पुढच्या साथीसाठी तयार केलेल्या मसुद्यात ही कलमं आहेत: सक्ती सहा आठवड्यांसाठीच, मुदत संपली की आपोआप रद्द, वाढवायची असेल तर कारण आणि त्या सहा आठवड्यांचे आकडे जाहीर करून, उठवण्याआधी सात दिवसांची सूचना, उठवल्यानंतरही ज्याला हवा त्याला मास्क संस्थेकडून, आणि तो लावल्याबद्दल कोणी बोलल्यास ती तक्रार शिस्तभंगाची. सहा आठवड्यांच्या मुदतीवर एकमत झालेलं नाही. कामगारांच्या प्रतिनिधींना चार हवे आहेत.